टेबलगड

१२ जानेवारी, दुकानात, दुपारी

घुम्या,

हेही पत्र दोरेवाल्या मावशीच्या दुकानातून, बटणांच्या पाकिटाबरोबर तुझ्याकडे येईल. आधीची पत्रं पोचवल्याचं तिने गळ्याला हात लावून सांगितलंय, तेव्हा पोस्टाला दोष देऊ नकोस. तू उत्तर देत नाहीस, एवढंच. नको देऊस. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी तुझ्या अबोल्याला पुरून उरले आहे.

तू कुठे आहेस ते मला माहीत नाही, आणि मावशीला मी तोंडावर सांगून ठेवलंय की मला पत्ता सांगायचा नाही, मी विचारला तरी. आईला सांग, मी बरी आहे. काचा घासते, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवते आणि 'अगदी शोभतोय हं' म्हणते. तिचं बोट कसं आहे? थंडीत दुखतं का अजून? शिलाई मशीनचं झाकण आपोआप पडलं नव्हतं, हे तुला माहीत आहे तसं मलाही माहीत आहे. मी बाबांजवळ राहिले म्हणजे ते विसरले, असं धरून चालला असशील तर चुकतोयस.

पण बाबा बदललेत. झालं, आता तू कागद चुरगाळणार. चुरगाळ, मग उलगड आणि पुढचं वाच.

तू आईला घेऊन गेल्यापासून ते एकदाही ओरडले नाहीत. दाराला बाहेरून कुलूप नाही. आईच्या चपला उलट्या करून तळाची माती बघायचे ना, तांबडी म्हणजे बाजार, काळी म्हणजे ओढ्याकडचा रस्ता, आणि मग 'ओढ्याकडे काय काम होतं?' सगळा जन्म मोजणीखात्यात काढला, माती वाचता येते, तिचा हा उपयोग. माझ्या चपलांना ते हातसुद्धा लावत नाहीत. खुर्चीत बसून फोनवर गेम खेळतात. मीच शिकवला.

तुलाही शिकवते, कारण माझ्या डोक्यात एक आलंय. तुला बोलायचं नाही ना? मग बोलू नकोस, खेळ. तुझा डाव पडला की मला कळेल, घुम्या आहे, उठलाय, जेवलाय. मला तेवढं पुरे आहे रे. घरात दोन माणसं आहेत आणि त्यातलं एक बोलत नाही. दुकानात मालक आहेत, ते बोलायचे थांबत नाहीत.

तर ऐक. जुन्या काळच्या राज्यांचा गेम आहे. नकाशा मधमाशांच्या पोळ्यासारखा, घराला घर लागून. तुला एक राजधानी मिळते, तिचं नाव तू ठेवायचं. थोडे शेतकरी, एक भालाईत, एक हेर. बाकी सगळीकडे धुकं. सगळे नवशिके आधी सैन्य जमवतात, कारण ते बघायला छान वाटतं. मग धान्य संपतं आणि सैनिक पळून जायला लागतात. आमचे मालक असेच भिकेला लागले आणि पुन्हा पहिल्यापासून तेच करायला बसले. तू तसं करू नकोस. आधी कोठार बांध. नदीकाठची घरं घे. हेराला बाहेर काढ, तो जाईल तिथलं धुकं विरतं. जिथे दिसत नाही तिथे पाऊल टाकायचं नाही, असं बाबा म्हणतात, आणि खेळात तरी ते बरोबर म्हणतात.

आपला डाव खेळायचा आणि 'डाव संपवा' दाबायचं. घाई नाही, दिवसभरात कधीही. नाहीच खेळलास तर कारभारी म्हणून गेमच तुझा डाव खेळून टाकतो. तो कारभारी शुद्ध गाढव आहे. कोठारातलं धान्य विकतो आणि राजवाड्यात नाच ठेवतो! खरंच, छोटी छोटी माणसं नाचताना दिसतात. मालकांच्या राज्यात वरचेवर नाच असतो.

आमच्या पटावर एक जागा रिकामी आहे. आत यायचा परवलीचा शब्द पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. स्वतःचं नाव भलतंच घे. बाबाही त्याच पटावर आहेत, 'निवांत' नावाने. घाबरू नकोस, पटावर कुठले कुठले लोक आहेत, कुणी कुणाला ओळखत नाही. वेगळा पट मांडला असता, पण मग त्यांनी विचारलं असतं, कुणाशी खेळतेस म्हणून.

ये ना.

ताई

३ फेब्रुवारी, दुकानात

अरे गाढवा! टेबलगड!

माझा हेर डोंगर उतरून खाली आला, धुकं गेलं आणि समोर राजधानी, वर नाव टेबलगड. मी दुकानात ओरडलेच. समोर नंबर तपासायला बसलेले आजोबा घाबरले, त्यांना वाटलं त्यांच्या डोळ्यात मला काहीतरी भयंकर दिसलं. त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि मग मी आत जाऊन रडले, ते काही त्यांना सांगितलं नाही.

खेळाडूचं नाव 'पाहुणा' ठेवलंस ते शहाणपणाचं केलंस. पण राजधानी टेबलगडच, दुसरं काय असणार. जिन्यावर बाबांची पावलं वाजली, आणि ती कुठल्या तऱ्हेची आहेत ते आईला आवाजावरून कळलं, की ती आपल्याला घेऊन कापड बेतायच्या टेबलाखाली शिरायची. वरून चादर सोडलेली. तू राजा, मी प्रधान, आई फौज. कुजबुजत मोहिमा चालायच्या. 'महाराज, शत्रू खुर्चीत बसला आहे.' 'प्रधानजी, दम धरा.' बाबांना याचा कधी पत्ता लागला नाही. जगात तीनच माणसांना हा गड माहीत आहे, आणि त्यातला एक घुमा त्याची पाटी लावून बसलाय. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुझे डाव सकाळी येतात, चहाच्या वेळेला. मी वाट बघत असते.

आता पुढचा धडा. मी तुला तहाचं बोलावणं पाठवलंय, हो म्हण. तह झाला की तुला दिसतं ते मला दिसतं, मला दिसतं ते तुला. निरोपही लिहिता येतात, पण जेवताना बाबा शेजारी असतात, म्हणून मी पत्रच लिहीन. शिवाय एकमेकांच्या मुलखात सैन्य ठेवता येतं, राखणीला. माझे घोडेस्वार टेबलगडात पाठवते, ठेवून घे. तुझ्याकडे एक भालाईत आहे आणि तोही आळशी दिसतो.

तहात सावध कसं राहायचं तेही सांगून ठेवते, मालकांची गोष्ट ऐक. मालकांनी बाबांशी तह केला. बाबा त्यांना धान्य पाठवायचे, सोनं पाठवायचे. 'तुझे वडील म्हणजे देवमाणूस,' मालक मला म्हणायचे आणि मी काच घासत राहायची. मग बाबांनी राखणीला थोडी फौज दिली. मग अजून थोडी. एका सकाळी मालक चहाचा पेला घेऊन फोन उघडतात तर तह मोडलेला, राजधानी गेलेली. ज्या डावात तह मोडला त्याच डावात, कारण फौज आधीपासूनच वाड्यात बसलेली! जिंकलेल्या गावाचं नाव बदलता येतं. मालकांचं 'सूर्यनगर' आता 'अंधारी' आहे. चष्म्याच्या दुकानदाराच्या राजधानीला अंधारी! मी पोट धरून हसले. मालक तेव्हापासून बाबांचं नाव निघालं की भिंगं पुसायला घेतात.

बाबा लढतच नाहीत, तुझ्या लक्षात आलं का? पटावर त्यांची एक लढाई झालेली नाही. ते मैत्री करतात.

बरं, एक आनंदाची बातमी. त्यांना नकाशावरचं बारीक काही दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांना नवा चष्मा करून दिला. माझ्या हाताने काच घासली. घातला आणि लहान मुलासारखे खूश झाले. 'आता गावांची नावंसुद्धा वाचता येतात गं,' म्हणाले. किती दिवसांनी असे बोलले. माझा त्यांच्याशीही तह आहे, एका घरात राहून नाही कसं म्हणणार? जेवताना दोघं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसतो, घर शांत असतं.

आईला सांग, चादर मी अजून तशीच सोडलेली ठेवते.

ताई

२० फेब्रुवारी, घरी, दुपारी, बाबा बाहेर गेलेत

घुम्या,

हे पत्र हातात पडल्याबरोबर गेम बंद कर. डाव अर्धा असला तरी बंद कर. बाबांना तू सापडलायस.

नीट सांगते. घाईत लिहितेय, अक्षर लाव.

मी बाबांची मित्र, तू माझा मित्र. मला दिसतं ते त्यांना दिसतं. माझ्या डोळ्यांनी त्यांनी टेबलगड बघितला, आणि माझ्याच चष्म्याने वाचला. हे मीच तुला शिकवत होते, मित्राचा नकाशा आपला नकाशा, आणि लिहिताना माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिव्या दे मला, पण आधी पुढचं वाच.

पटावर तुझा आणि 'निवांत'चा तह झालेला दिसला. तुला वाटलं असेल, ताईचा मित्र आहे, बरा असेल. तू पत्र लिहीत नाहीस, पण अनोळखी माणसाशी गप्पा मारतोस? ते नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, म्हणून? मी तुला निरोप लिहायला गेले तर माझ्या फोनवर अक्षरं आली, 'तुम्हाला बोलण्याची परवानगी नाही.' तुमचा तह झाला तसे आपण तिघं एकाच तहात आलो, त्याचे प्रमुख बाबा आहेत, आणि प्रमुखाला कुणाचंही तोंड बंद करता येतं.

काल ते आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन उघडला. तुमचे निरोप वाचले. 'आज डाव उशिरा आला, वीज गेली होती का?' 'हो, आमच्याकडे मंगळवारी जातेच.' 'जेवण झालं?' 'भोंगा झाला की जेवतो.' 'काल नव्हतात.' 'पुलावर अडकलो, बोटीसाठी पूल उघडला होता.' आणि शेवटी ते विचारतात, 'तुमच्या भागात शेतीला माती कशी आहे हो?' आणि तू लिहितोस, 'कसली शेती, सगळी चुनखडी. चपला पांढऱ्याफटक होतात.'

चपला, घुम्या. चपलांचं तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस.

आईच्या टेबलावर आता मोठा नकाशा पसरलाय, मोजणीखात्याचा, जुना. भोंगा असलेल्या गिरण्यांवर पेन्सिलीने गोल. उघडणाऱ्या पुलांवर गोल. चुनखडीचा पट्टा रेघा मारून भरलाय. सगळं जिथे एकावर एक येतं तिथे त्यांनी रबराने खोडून स्वच्छ करून एकच बारीक टिंब दिलंय. मी नाव वाचलं नाही. शपथ, डोळे मिटून घेतले.

ते मागे उभे होते. टॉवेल खांद्यावर. ओरडले नाहीत. 'बघ ना,' म्हणाले, 'बघायला काय हरकत आहे?'

मी म्हटलं, 'बाबा, हा पाहुणा कोण तुमचा?'

'टेबलगडचा राजा,' ते म्हणाले. 'प्रधानजींना ठाऊक नाही?'

ते खुर्चीत बसले, त्याच जागी, आणि टेबलाची लोंबती चादर दोन बोटांनी सारखी केली. म्हणाले, 'तुम्हाला काय वाटायचं, मला ऐकू येत नाही? मी इथे बसून सगळं ऐकायचो. कोण राजा, कोण फौज. तुझी आई हसू दाबायची तेही. मी कधी वाकून बघितलं नाही, इतकंच.'

मला भीती वाटतेय. लहानपणी वाटायची तशी नाही, तेव्हा निदान लपायला जागा आहे असं वाटायचं.

आत्ता ते बाहेर गेलेत. हे पत्र घेऊन मी अशीच मावशीकडे धावते. आईला उचल आणि निघ. कुठे ते कुणाला सांगू नकोस, मला तर मुळीच नको.

ताई

२१ फेब्रुवारी, मावशीच्या दुकानाच्या पायरीवर, सकाळी

घुम्या,

कालचं पत्र माझ्या पिशवीतच आहे. काल आले तर मावशीच्या दुकानाला कुलूप, आजही आहे. शेजारचा वखारवाला म्हणतो, एक चष्मेवाले गृहस्थ आले होते, गोड बोलत होते, ते गेल्यावर तिने माल आत ओढला आणि शटर पाडलं.

सकाळी बाबांच्या सदऱ्याला नवं बटण होतं. स्वतः शिवलेलं, वाकडं. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाले, 'छान दुकान आहे त्या बाईंचं. लाकडाच्या वखारीला लागून.' मग माझ्या चपलेकडे बोट केलं. 'दर वेळी तुझ्या तळव्याला भुसा असतो गं. झटकून येत जा.' म्हणजे ते बघत होते. सगळे दिवस, मी आत गेले की बघत होते, आणि मी तुला लिहीत होते की बाबा बदललेत.

मग पिशवी खांद्याला लावली, चष्मा पुसला आणि बसला गेले. जाताना म्हणाले, 'आईला घेऊनच येतो.'

तुझा नंबर माझ्याकडे नाही. पत्ता नाही. मावशी नाही. गेममध्ये माझं तोंड बंद आहे. मी इथे पायरीवर बसलेय आणि मला ओरडावंसं वाटतंय.

पण माझे घोडेस्वार टेबलगडात आहेत. तूच ठेवून घेतलेस.

तू अजून आजचा डाव खेळलेला नाहीस, चहा व्हायचा असेल. फोन उघडशील तेव्हा पहिली गोष्ट हीच दिसेल की ताईने तह मोडला आणि तुझी राजधानी घेतली. तुला राग येईल. 'शेवटी बाबांचीच,' म्हणशील. म्हण. फक्त गावाचं नवं नाव वाच. दोनदा वाच. निरोप लिहायची परवानगी नसली तरी जिंकलेल्या गावाला नाव द्यायची आहे.

आता दाबते.

२६ फेब्रुवारी, दुकानात, गल्ल्याखाली कागद धरून

घुम्या,

हे शेवटचं. मावशीने कालपासून अर्धं शटर उघडलंय, मालक सांगत होते. आई कुठेही असली तरी दोरा मावशीकडूनच मागवणार, तेव्हा ही तिन्ही पत्रं कधीतरी तुझ्या हातात पडतील. मालक हूक आणायच्या निमित्ताने नेऊन देणार आहेत. 'मी कशाला तुमच्या घरच्या भानगडीत पडू,' असं आधी म्हणाले, मग सूर्यनगर आठवलं आणि पाकीट खिशात घालायला तयार झाले. माणूस किती दिवस राग धरतो, बरंच झालं.

उघडपणे लिहिता येत नाही. बाबा दाराजवळच्या बाकावर बसलेत, पेपर वाचतायत, नव्या चष्म्यातून. मला रोज सोडायला येतात, न्यायला येतात, आणि मधल्या वेळेत जात नाहीत. गिऱ्हाइकं म्हणतात, किती प्रेमळ वडील.

त्या दिवसाचं सांगते. टेबलगड एका डावात पडला, माझे घोडेस्वार आतच होते. गेमने विचारलं, नवीन नाव? मी लिहिलं, 'बाबायेतायतपळा'. जागा सोडू देत नव्हता, सगळं जोडून लिहावं लागलं. मग पायरीवर बसून राहिले. वखारवाल्याने चहा आणून दिला, तो गार झाला. दिवसभर तुझा डाव आला नाही. मला वाटलं, फोन उघडलाच नसेल. वाटलं, रागाने गेम काढून टाकला असेल. नको नको ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी उरलेली गावं कारभारी चालवायला लागला. धान्य विकलं. आणि तुझ्या त्या पडक्या किल्ल्यात नाच! छोटी छोटी माणसं हात वर करून नाचत होती, आणि मी मनाशी धरलं की माझा घुम्या फोन टाकून उठला, आईचा हात धरला आणि निघाला. त्या गाढवाच्या नाचाला मी इतकी हसले आणि इतकी रडले की मालकांनी दुकान लवकर बंद केलं.

त्याच दुपारी बाबा परत आले. एकटे. मी दारातच होते. त्यांनी बूट काढले आणि आईच्या टेबलावर ठेवले, तळवे वर करून. पांढरेफटक.

'चहा गार व्हायचा होता,' म्हणाले. 'कप नुकते ठेवलेले. मशीनमध्ये कापड तसंच.' मग खिशातून आईची ती बोटात घालायची पितळी टोपी काढली, सुई टोचू नये म्हणून घालते ती, आणि आपल्या बोटात बसवली. टेबलावर वाजवून बघितली. टक टक. आता सारखी वाजवतात. आत्ताही बाकाच्या फळीवर वाजतेय.

'चाल चांगली होती,' म्हणाले. 'मी बसमध्ये होतो, फोनवर आलं. तहातली फौज, त्याच डावात राजधानी. माझ्याकडूनच शिकलीस.' मग हात पुढे केला. मी फोन दिला. 'आता दोन्ही राज्यं मीच चालवतो,' म्हणाले, आणि आत जाऊन कुलूप शोधलं. ते जुनंच, आईच्या वेळचं. दाराला बाहेरून.

ओरडले नाहीत. माझ्यावर हात उचलला नाही. मला नीट जेवायला सांगतात. मी त्यांना नीट हवी आहे, घुम्या, कारण मी इथे असले तर तुम्ही कधीतरी याल. मालकांना धान्य पाठवत होते ना, तसं.

म्हणून आता सांगते ते कान देऊन ऐक. आईलाही वाचून दाखव.

माझ्या नावाने डाव येईल. तहाचं बोलावणं येईल. त्यात 'घुम्या' असेल, 'महाराज' असेल, 'प्रधानजी' असेल, आई जे जे कुजबुजली ते सगळं असेल, कारण त्यांनी ते सगळं ऐकलंय. त्यात मी आजारी असेन. त्यात मी माफी मागत असेन. त्यात कदाचित बाबा गेल्याची बातमी असेल. ती मी नाही. माझ्या हातात फोन नाही, आणि आला तरी मी त्यावरून तुला कधी बोलावणार नाही. मला न्यायला येऊ नका. दोराही आता मावशीऐवजी दुसऱ्या दुकानातून मागवा, आईला सांग.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी मी तुमच्याबरोबर का आले नाही? माझी पिशवी भरलेली होती, कॉटखाली. पण बाबा उठायला लागले होते. कुणीतरी त्यांच्यासाठी चहा टाकून, समोर बसून, आई दोरा आणायला गेलीय असं हसत हसत सांगायला हवं होतं. तुला हे आधी लिहिलं असतं तर तू परत आला असतास, तू तसलाच आहेस. म्हणून तुला रागावूनच राहू दिलं. जाताना मला 'बाबांची' म्हणालास ते लागलं मला. अजून लागतं.

मी काही इथेच मरणार नाही. माझाही डाव येईल. त्यांनाही कधीतरी डुलकी लागेल आणि मालकांना मागचं दार आहे. कधी, कसं, ते कागदावर लिहीत नाही.

पण समजा भेटलोच, कुठल्या स्टँडवर, कुठल्या पुलावर, आणि तुला खात्री वाटली नाही की ही ताईच आणि एकटीच आहे, तर तोंडाने काही विचारू नकोस. जे आपण बोललो ते सगळं त्यांचं झालंय. एकच गोष्ट राहिलीय. टेबलाखाली पावलं अगदी जवळ आली की आई बोलायची बंद व्हायची आणि आपले हात धरायची. तुझा एक, माझा एक. आधी अंगठा दाबायची, मग करंगळी, मग सगळा पंजा घट्ट. त्याला आपण कधी नाव दिलं नाही, कधी एक शब्द बोललो नाही. म्हणून ते त्यांना ऐकू गेलेलं नाही.

टक टक थांबलीय. पेपर घडी घालतायत.

तेव्हा भेटलो तर बोलू नकोस. तुला नाहीतरी ते चांगलं जमतं. नुसता हात पुढे कर.